विहिरीतलं पोहणं, धरणातली शर्यत: एका स्प्रिंट ट्रायथलॉनचं प्रकरण

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अण्णांचा फोन आला. मागे फवारणीच्या ब्लोअरचा घरघराट चालू होता, म्हणजे गडी द्राक्षबागेतच होता. "सर, पळणं कमी पडलं. छाटणीने घात केला बघा." मी हो म्हणालो आणि पुढचे आठ दिवस तेच खरं धरून चाललो. ते खरं नव्हतं. कसं नव्हतं, हे कळायला एक व्हिडिओ, दोन चाचण्या आणि माझी एक चूक कबूल करणं, एवढं लागलं. अण्णांच्या संमतीने ते सगळं लिहून ठेवतोय. त्यांचं नाव-गाव देत नाही, शर्यतीचं आणि धरणाचंही नाही.

अण्णा ४३ वर्षांचे, दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. साडेपाच एकर बाग. मी नाशिकला शाळेत गणित शिकवतो. ट्रायथलॉन हा माझा सात वर्षांचा नाद. त्या नादापायी चार-पाच जणांना सराव देतो. प्रशिक्षक म्हणवून घेण्याइतकं माझं शिक्षण नाही, फीही नाही. हंगामात अण्णांकडून घरी दोन पेट्या द्राक्षं येतात, तेवढीच काय ती दक्षिणा.

नाशिकला सायकलचं वेड जुनं, पण डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघाने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली आणि ते घरोघरी पोचलं. अण्णाही त्याच लाटेतले, जरा उशिरा आलेले. रक्तातली साखर काठावर आली, डॉक्टर रागावले, सायकल आली. सायकलीमागून पळणं आलं. मग एक दिवस म्हणाले, "दोन झालं, तिसरं काय अवघड? पोहता तर मला लहानपणापासून येतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं प्रकरण त्यातच आहे.

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं, एकामागोमाग एक, घड्याळ न थांबवता. ऑलिंपिकला याच्या दुप्पट अंतर असतं आणि ज्याला लोक आयर्नमॅन म्हणून ओळखतात ते ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरचं. स्प्रिंटला लोक 'छोटी' म्हणतात. अंतराने छोटी आहे हे खरं, पण छोटी म्हणूनच माणूस ती जोरात करायला जातो.

कागदावरचं गणित

या शर्यतीसाठीचा सराव जूनपासून सुरू होता. सप्टेंबरअखेर अण्णांचे सुटे टाइम असे होते: तलावात ७५० मीटर १९ मिनिटं ३० सेकंदांत, २० किलोमीटर सायकल ४२ मिनिटांत, ५ किलोमीटर पळणं २७:३० मध्ये. बेरीज ८९ मिनिटं. कपडे-बूट बदलायच्या दोन थांब्यांना मिळून पाच मिनिटं धरली, झाली ९४. थकव्याची सहा मिनिटं सोडून आम्ही उद्दिष्ट ठेवलं एक तास चाळीस मिनिटं.

प्रत्यक्षात लागले एक तास पन्नास मिनिटं पाच सेकंद. पोहणं २४:५०, पहिला थांबा ५:१०, सायकल ४४:२०, दुसरा थांबा २:०५, पळणं ३३:४०. थकव्याची सवलत बाजूला ठेवून ९४ मिनिटांशी ताडून पाहिलं तर सोळा मिनिटं पाच सेकंद जास्त गेले. त्यातले ६:१० पळण्यात, ५:२० पोहण्यात, २:२० सायकलवर, उरलेले थांब्यांत. आकडा मोठा पळण्याचा. म्हणून बोट पळण्याकडे.

हंगामाच्या तोंडावर

आपल्याकडे ट्रायथलॉनचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्याआधी संपतो. त्यामुळे पहिल्या शर्यतीला येणारा जवळपास प्रत्येक जण तलावात तयार झालेला असतो. जुलै ते सप्टेंबर धरणात उतरायचा प्रश्नच नसतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होतो, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला माणसं जमतात. अशा दिवसांत उघड्या पाण्यात सरावाला जातो म्हटलं तर घरचे काठी घेऊन उभे राहतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. पाणी निवतं ते ऑक्टोबरात. म्हणजे उघड्या पाण्याची सवय करायला हातात राहतात जेमतेम चार आठवडे.

आणि नेमके तेच चार आठवडे द्राक्षवाल्याच्या मानगुटीवर बसलेले असतात. अण्णांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ६ ऑक्टोबरला झाली. छाटणीपाठोपाठ डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषधाचं पेस्टिंग, मग डोळे फुटायची वाट, मग पोंगा म्हणजे कोवळा कोंब, मग फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायला मजुरांची जुळवाजुळव. त्यात परतीचा पाऊस दोनदा येऊन गेला. कोवळ्या पानांवर पाऊस म्हणजे डावणी या बुरशीरोगाला आमंत्रण, म्हणजे पहाटे चारला ट्रॅक्टर बाहेर. माझ्या वहीत त्या पाच आठवड्यांत अण्णांचं पळणं नऊ वेळा लिहिलंय, ठरलं होतं पंधरा वेळा. धरणात पोहायला आम्ही एकदाच गेलो, तेही काठाकाठाने वीस मिनिटं. त्या दिवशी ते मजेत होते, गप्पा मारत पोहत होते. मी निर्धास्त झालो.

शर्यत नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी. शनिवारी दुपारून आभाळ आलं. बाग नेमकी फुलोऱ्याकडे निघालेली. अण्णांनी रात्री नऊपर्यंत फवारणी केली, साडेतीनला उठून गाडी काढली. झोप साडेचार तास. पोटात कपभर चहा आणि दोन बिस्किटं. मला हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी काय करणार होतो? फवारणी सोड म्हणायची माझी काय टाप!

तिरावरचा व्हिडिओ

शर्यत सातला सुटणार होती. बचावाच्या बोटीचं इंजिन चालू होईना, म्हणून सुटली सात पंचवीसला. बोट तयार नाही म्हणून तोवर कुणाला पाण्यात उतरू दिलं नाही. नियम म्हणून योग्यच, पण हवा १४ अंश आणि सगळे उघड्या अंगाने तासभर उभे. पाणी २३ अंश असल्याचं फळ्यावर लिहिलं होतं. हवेपेक्षा पाणी ऊबदार, त्यावर वाफ तरंगत होती. बघायला सुंदर.

अण्णांचा भाचा तिरावरून मोबाइलवर चित्रण करत होता. चार मिनिटं दहा सेकंदांचा तो व्हिडिओ मी पेन्सिल-कागद घेऊन बसून बघितला, निदान वीस वेळा. मनगटावरचं घड्याळ पाण्यात फार भरवशाचं नसतं. हात पाण्याखाली गेला की उपग्रहाचा सिग्नल तुटतो, नाडीही धड लागत नाही. त्यापेक्षा भाच्याचा थरथरता हात बरा.

शिट्टी होते. साठ-सत्तर जण एकदम पाण्यात. अण्णांची पिवळी टोपी दिसत राहते. पहिल्या मिनिटात मी त्यांचे हात मोजले: ७६. तलावात त्यांचे मिनिटाला ५४ पडतात. ४८व्या सेकंदाला डोकं पहिल्यांदा वर येतं, पुढे बघायला नव्हे, हवेसाठी. मग दर दोन हातांनी वर येत राहतं. एक मिनिट पस्तीसला ते उताणे होतात. पाठीवर तरंगत राहतात, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली. कयाकवाला जवळ येतो, अण्णा हात हलवून नको म्हणतात. चाळीस सेकंद तसेच. मग पालथे होतात आणि जे पोहायला लागतात ते फ्रीस्टाइल नव्हे. मान पाण्याबाहेर ताठ, हात पाण्याखालून बाजूला सारत, पाय बेडकासारखे. व्हिडिओत भाचा म्हणतो, "मामा विहिरीतलं पोहायला लागले!" आणि हसतो.

पहिला बोया, म्हणजे वाट दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेली खूण, २५० मीटरवर होता. तिथे पोचायला त्यांना १०:१५ लागली. तलावातल्या वेगाने साडेसहा मिनिटं लागायला हवी होती. म्हणजे पोहण्यात गेलेल्या ५:२० पैकी ३:४५ पहिल्या बोयाच्या अलीकडेच गेली. पुढचे ५०० मीटर त्यांनी १४:३५ मध्ये काढले, म्हणजे शंभराला २:५५. तलावात शंभराला २:३६. हा फरक काही वाईट नाही. पंचवीस मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या आणि २९ वेळा भिंत. प्रत्येक भिंतीला पायाचा रेटा फुकट आणि एक श्वास निवांत मिळतो. धरणात भिंत नाही, तळाला काळी पट्टी नाही, हिरवट पाण्यात स्वतःचा कोपर दिसत नाही. शिवाय पहिला टप्पा पूर्वेकडे होता. उशीर झाल्यामुळे सूर्य बरोबर पाण्यालगत डोळ्यांत, त्यात नारिंगी बोया कुठला दिसायला! अण्णा नागमोडी गेले, निम्मे जण गेले.

पहिला थांबा विनोदी झाला. ओल्या अंगावर पूर्ण बाह्यांची जर्सी चढवायला गेले, ती काखेतच गुंडाळून बसली. मोज्यांआधी पाय पुसले, चिखल काढला. घाईत हेल्मेट डोक्यावर ठेवलं, बक्कल न लावताच सायकल रॅकवरून उचलली. मार्शलने थांबवलं. बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात नाही, आणि परत आल्यावर सायकल रॅकला लावल्याशिवाय बक्कल सोडायचं नाही, हा या खेळातला सगळ्यात साधा नियम आणि नवख्याकडून सगळ्यात जास्त मोडला जाणारा. सायकल परत ठेवा, बक्कल लावा, मग उचला. शिक्षा झाली नाही हे नशीब.

सायकलवरचं कर्ज

"सायकलवर बसलो तेव्हा डोक्यात एकच, गेलेली पाच मिनिटं वसूल करायची," अण्णा सांगत होते. रस्ता जाताना पश्चिमेला, वारा पाठीशी. पहिले दहा किलोमीटर १९:२०, म्हणजे ताशी ३१. ठरलं होतं २१ मिनिटं. नाडी १७० च्या आसपास, ठरली होती १५० ते १५५. त्यांची चाचणीत मोजलेली कमाल नाडी १८१ आहे, त्यावरून अंदाज येईल. गिअर जड. अण्णांचे पाय बारीक गिअरवर रमत नाहीत, जड पॅडल दाबलं की काम केल्यासारखं वाटतं. किती जणांना मागे टाकलं हेही त्यांना पाठ आहे: अकरा.

वळसा घेतला आणि वारा तोंडावर. भाताची सोंगणी चालू होती. एका वाडीपाशी अर्ध्या रस्त्यावर पेंढ्या पसरलेल्या, तिथे वेग तोडावा लागला. परतीचे दहा किलोमीटर २५ मिनिटांत. अकरापैकी आठ जण परत पुढे गेले. हा आकडा अण्णांनी नाही, भाच्याने सांगितला.

मग पळणं. किलोमीटरवार टाइम: ५:२०, ६:१०, ७:०५, ७:३५, ७:३०. पहिला किलोमीटर त्यांच्या सुट्या पाच किलोमीटरच्या वेगापेक्षाही जलद. सायकलवरून उतरल्यावर असं होतंच. पायांना अजून सायकलची लय असते आणि वेग कळत नाही. तिसऱ्या किलोमीटरला पोटऱ्या वळल्या. गंमत अशी की तिथून पुढे नाडी १५८ वर आली. हृदय-फुप्फुसं 'चल' म्हणत होती, पायच संपले होते.

छाटणी निर्दोष सुटली

आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी, मी अण्णांना बोलावून घेतलं. मधल्या आठवड्यात त्यांनी काहीही वेगळा सराव केलेला नव्हता. बागच चालू होती. म्हटलं, आज नुसतं पाच किलोमीटर पळा, जमेल तेवढं जोरात. आले २७ मिनिटं ५० सेकंदांत. सप्टेंबरच्या टाइमपेक्षा फक्त वीस सेकंद जास्त. सहा वेळचं पळणं बुडालं, त्याची किंमत वीस सेकंद. मग शर्यतीतली सहा मिनिटं गेली कुठे?

चार दिवसांनी दुसरी चाचणी. वीस किलोमीटर सायकल, पण नाडी १५५ च्या वर न्यायची नाही, आणि लगेच पाच किलोमीटर पळणं. पळणं २९:२०. म्हणजे सायकल बेताने चालवली की नंतरच्या पळण्याला दोन मिनिटांहून कमी भुर्दंड. झोप आणि रिकामं पोट यांचा वाटा धरला तरी शर्यतीतलं बाकीचं नुकसान त्या जाण्याच्या दहा किलोमीटरांत झालेलं होतं. आणि ते दहा किलोमीटर तसे का चालवले, तर पाण्यातली पाच मिनिटं वसूल करायला.

मी हे सगळं त्यांच्या ओट्यावर बसून कागदावर मांडलं. अण्णांनी कागद बघितला, मग बागेकडे बघितलं. "डावणीसारखंच की हे. पानावर डाग दिसतो तेव्हा लागण होऊन आठवडा उलटलेला असतो. नवीन पोरं डाग दिसल्यावर फवारतात." माझ्या अर्ध्या तासाच्या गणिताचा निकाल त्यांनी एवढ्यात लावला.

माझी चूक

आता उरला पाण्यातला पहिला दीड मिनिट. आणि इथे मला माझ्याबद्दल लिहावं लागतंय.

अण्णा पोहायला शिकले ते शेतातल्या सहा परस खोल विहिरीत. वडिलांनी पाठीला डबा बांधला आणि ढकललं. खानदेशात, नाशकात, आमच्या पिढीतले बहुतेक असेच शिकले. कुणाच्या पाठीला डबा, कुणाच्या भोपळा. विहिरीतल्या पोहण्याला अंतर नसतं. सूर मारायचा, वर यायचं, गोल फिरायचं, पायरी धरायची. मान कायम पाण्याबाहेर, कारण वरून कोण उडी मारतंय ते बघावं लागतं. त्या पोहण्यात वेग नाही, पण त्यात माणूस तासभर दमत नाही आणि बोलू शकतो.

तलावावर आल्या दिवशी मी ते बंद केलं. मान वर राहिली की पाय बुडतात, अंग तिरकं होतं, पाणी अडवतं, हे सगळं खरंच आहे. चौदा महिने मी त्यांना फ्रीस्टाइल शिकवत होतो आणि मान वर आली की काठावरून ओरडत होतो, "अण्णा, विहीर!" ती आमची चेष्टाच झाली होती. विहीर म्हणजे चूक.

शर्यतीत काय झालं? गर्दी, गार अंग, डोळ्यांत सूर्य, कुणाचा तरी पाय गॉगलवर. अशा वेळी माणूस श्वास धरून ठेवतो. धरलेला श्वास पाण्यात सोडत नाही, वर आल्यावर सोडायला आणि घ्यायला मिळून एकच क्षण असतो, त्यात दोन्ही अर्धवट होतं. श्वासाची तडफड प्राणवायू संपल्यामुळे होते असं आपल्याला वाटतं. ती मुख्यतः होते कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. म्हणजे हवा कमी घेतली म्हणून नव्हे, पूर्ण सोडली नाही म्हणून. अण्णांच्या हातांनी त्या भरात ७६ चा वेग घेतला आणि साठा आणखी वाढवला. मग उताणं होणं. मग, शरीराने स्वतःहून शोधून काढलेली, मी चौदा महिने हिणवलेली विहीर. तिच्यावरच ते पहिल्या बोयापर्यंत गेले. तिथे श्वास जागेवर आला आणि पुढचे ५०० मीटर चांगली फ्रीस्टाइल केली.

मी त्यांना वेग दिला आणि त्या बदल्यात त्यांची सगळ्यात भरवशाची गोष्ट काढून घेतली. काठावरून मान सरळ करायला लावणं सोपं असतं.

हे हसण्यावारी न्यायचं कारण नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग एका अभ्यासात मोजले गेले. ते १३५ निघाले आणि त्यातले ९० पोहण्याच्या टप्प्यातले. बहुतेक पुरुष, सरासरी वय सत्तेचाळीसच्या घरात. म्हणून चाळिशीपुढच्या कुणालाही ईसीजी आणि ट्रेडमिलवरची तपासणी झाल्याशिवाय मी शर्यतीचा अर्ज भरू देत नाही. अण्णांची झाली होती, स्वच्छ होती. तरी तो चाळीस सेकंदांचा उताणा भाग बघताना प्रत्येक वेळी माझ्या हाताला घाम येतो. त्या क्षणी 'पाच मिनिटं गेली' असं म्हणणारा मी कोण? उताणं होऊन थांबणं हा त्या सकाळचा त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय होता.

काय बदललं

पहिलं म्हणजे विहीर परत आणली, रीतसर. आता अण्णा पहिले शंभर मीटर मान वर ठेवून, विहिरीतलं पोहतात. गर्दी पुढे जाऊ देतात, सगळ्यात मागून आणि एका बाजूने सुटतात. श्वास जागेवर आला की डोकं पाण्यात. मध्ये कुठेही घाबरं झालं तर दहा हात विहीर, मग पुन्हा फ्रीस्टाइल. तलावावर आता मी "अण्णा, विहीर!" म्हणतो ते सराव म्हणून.

दुसरं, पाण्यात तोंड असताना घशातून हुंकार काढत श्वास सोडायचा. ऐकू आला की समजायचं हवा जातेय. नुसतं 'श्वास सोडा' सांगून कुणी सोडत नाही, आवाज काढा म्हटलं की सोडतो. भाचा म्हणतो मामा पाण्यात भुंग्यासारखे वाजतात.

तिसरं, बोया बघायचा नाही. सुटण्यापूर्वी तिरावर उभं राहून बोयाच्या रेषेत मागे काय मोठं आहे ते ठरवायचं: डोंगराची खिंड, एकटं झाड, पाण्याची टाकी. दर आठ हातांनी मगरीसारखे नुसते डोळे वर काढून ते बघायचं. सूर्य समोर असेल तर बाजूची खूण धरायची आणि ती खांद्याला ठेवायची. नाशिकच्या धरणांभोवती डोंगरांना काय तोटा!

सायकलचा इलाज अण्णांनीच काढला. घड्याळाच्या काचेवर डॉक्टरी चिकटपट्टी, आणि ती पाच किलोमीटर झाल्यावर काढायची. "दिसलंच नाही तर वसुली कशाची करणार?" गिअर एक हलका. थांब्यासाठी जर्सीऐवजी पाण्यातही चालणारा एकच अंगासरशी सूट घ्या म्हटलं, तो त्यांनी घेतला, पण पहिल्यांदा घालून अंगणात आले तेव्हा घरात इतकं हसं झालं की नंतर ते कपडे गाडीतच बदलतात.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही त्याच धरणावर पुन्हा गेलो. शर्यत नव्हती. एक कयाक, एक पट्टीचा पोहणारा मित्र, अण्णांच्या कमरेला नारिंगी तरंगती पिशवी. हवा ९ अंश, नोव्हेंबरपेक्षा पाणी चांगलंच गार. आत पाय घालताच अण्णा म्हणाले, "निफाड बरं यापेक्षा." दहा मिनिटं आधी पाण्यात उतरून, तोंडावर पाणी मारून, मानेपर्यंत उभं राहून मग सुरुवात केली. ७५० मीटर २१:३०. सायकल ४५:१०, म्हणजे नोव्हेंबरपेक्षा पन्नास सेकंद हळू. पळणं २९:०५. म्हणजे शर्यतीपेक्षा साडेचार मिनिटांनी लवकर, आणि पोटऱ्या शाबूत.

यावर फार उड्या मारत नाही. आजूबाजूला साठ जणांचे हातपाय नव्हते, सूर्य डोळ्यांत नव्हता, मागे टाकायला अकरा जण नव्हते, आणि आदल्या रात्री फवारणी नव्हती. गर्दीत विहीर टिकते का, ते पुढच्या शर्यतीतच कळेल. त्यासाठी तलावावर आता आम्ही सहा जण एकाच पट्ट्यात मुद्दाम एकमेकांच्या अंगावर पोहतो. बाकीच्यांना ते अजिबात आवडत नाही, जीवरक्षक तर रोज हटकतो.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. पहिला थांबा त्या दिवशीही चार मिनिटांचा झाला. अण्णा खाली बसून पाय नीट पुसतात, टाचांना मलम लावतात, मग मोजे. मी म्हटलं, मोज्यांशिवाय सायकल चालवा, मिनिटभर वाचेल. त्यांनी टाच उलटी करून दाखवली. वर्षानुवर्षं बांधावर अनवाणी चालून पडलेल्या भेगा, त्यात बोटाचं नख बसेल एवढ्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून कागदावर पहिल्या थांब्यासमोर चार मिनिटं लिहून टाकली.

पुढची शर्यत जानेवारीच्या शेवटी आहे. त्याआधी धरणावर अजून एकदा जायचं ठरलं होतं, परवाच्या रविवारी. शनिवारी रात्री फोन आला. "सर, पश्चिमेला ढग आलेत. उद्या पाणी नाही. ब्लोअर."

"झोपाल कधी?"

"नऊला. जेवूनसुद्धा."